अकरा महिन्यांचा एल्डर

आईने कपबशी पुढे केली आणि माझा अमेरिकन मित्र अवघडला. हर्णैला आमच्या ओटीवर पाहुण्याने चहा नाकारला, तर मागच्या पिढीतले एखादे भांडण अजून मिटलेले नाही असेच समजतात. त्याच्या मॉर्मन या ख्रिस्ती पंथात चहा, कॉफी, दारू आणि तंबाखू वर्ज्य असल्याचे मी आईला समजावले, तेव्हा ती उठून कोकमाचे सरबत घेऊन आली. महिन्याच्या पहिल्या रविवारी ही मंडळी दोन वेळचे जेवण सोडतात आणि वाचलेले पैसे गरिबांसाठी देतात, हे कळल्यावर तर, "म्हणजे आपल्या संकष्टीसारखंच की," म्हणून तिने त्याला घरचाच करून टाकले.

अमेरिकेत सॉल्ट लेक सिटीत शिकत असताना आम्ही दोन वर्षे एका खोलीत राहिलो. तो मिशनवर, म्हणजे दारोदार फिरून धर्मप्रचार करण्याच्या सेवेवर, जाऊन आला होता, एवढेच मला तेव्हा ठाऊक होते. मॉर्मनांचे मुख्य ठाणे असलेल्या त्या गावात ही गोष्ट इतकी सर्रास आहे, की तिच्याविषयी वेगळे विचारावे असे मला कधी वाटले नाही. पूर्वी मुलांना एकोणिसाव्या वर्षी जाता येई, 2012 मध्ये ती अट अठरावर आली. मुलांची सेवा दोन वर्षांची, मुलींची दीड वर्षाची. कुठे जायचे हे चर्च ठरवते, खर्च मात्र आपला किंवा घरच्यांचा. त्याच्या वेळी महिन्याला 400 डॉलर भरावे लागत आणि त्यासाठी तो शाळेत असल्यापासून एका दुकानात काम करून पैसे साठवत होता. 2014 मध्ये त्याला जर्मनी मिळाले. तिथल्याच प्रोव्हो या गावी चर्चच्या प्रशिक्षण केंद्रात काही आठवडे भाषा शिकवून त्याला तिकडे धाडले. पांढरा सदरा, टाय आणि छातीवर काळी पट्टी. तिच्यावर आडनाव आणि आधी 'एल्डर', म्हणजे ज्येष्ठ. मिसरूडही धड न फुटलेल्या पोराला ज्येष्ठ म्हणायचे, याची मला अजून गंमत वाटते, पण त्याला ती वाटत नसे, कारण तिथे त्याला पाळण्यातल्या नावाने हाक मारणारे कोणीच नव्हते.

हे सगळे त्याने मला सांगितले ते हर्णैच्या बंदरावर, संध्याकाळी मासळीचा लिलाव चालू असताना. मला वाटत होते, की बंद होणारी दारे हेच मोठे दुःख असणार. तो म्हणाला, की दारांची सवय आठवडाभरात होते आणि एखाद्या म्हाताऱ्या बाईने आत बोलावून तासभर गप्पा मारल्या, तर तेवढ्यावर पुढचे चार दिवस हलके जातात. जड जाई ती सोबत. मिशनरी नेहमी जोडीने राहतात आणि न्हाणीघर सोडले तर सोबत्याच्या नजरेआड जायचे नाही, असा नियम आहे. साडेसहाला उठायचे, साडेदहाला निजायचे, किती जणांना भेटलो आणि किती धडे दिले याचा हिशेब दर आठवड्याला द्यायचा. दर सहा आठवड्यांनी बदलीची यादी निघे आणि नुकताच ओळखीचा झालेला सोबती दुसऱ्या गावी जाई. घरी आठवड्यातून एकदा ईमेल करता येई, फोन मात्र फक्त नाताळला आणि मातृदिनी. दर आठवड्याला फोन करण्याची मुभा 2019 मध्ये आली, तोवर त्याला उशीर झाला होता.

त्याची झोप उडाली. मग जेवण तुटले. अकराव्या महिन्यात त्याला परत पाठवण्यात आले.

दोन वर्षे पुरी करून येणाऱ्याच्या स्वागताला सगळे कुटुंब फलक घेऊन विमानतळावर येते. त्याला न्यायला एकटे वडील आले होते आणि गाडीत दोघेही काही बोलले नाहीत. पुढचे कित्येक रविवार प्रार्थनेनंतर कोणी ना कोणी हात हातात घेऊन फार मायेने विचारी, की परत कधी जाणार. तो म्हणाला, त्या प्रश्नापेक्षा जर्मनीतली दारे बरी होती.

हा प्रश्न मला नवा नव्हता. मुंबईहून अवेळी आलेल्या चाकरमान्याला आमच्या वाडीत पहिल्या दिवशी 'कधी आलास' आणि दुसऱ्या दिवसापासून 'कधी जाणार' असे विचारतात. गिरणी बंद पडून माझे काका परतले, तेव्हा त्या प्रश्नापायी ते महिनाभर देवळाच्या वाटेनेही गेले नव्हते.

अंधार पडू लागला, सुवर्णदुर्ग काळा दिसू लागला, तेव्हा मी त्याला या किनाऱ्यावरच्या जुन्या मिशनऱ्यांविषयी सांगितले. स्कॉटिश मिशनरी सोसायटीची माणसे 1823 मध्ये बाणकोटला आली आणि पुढे हर्णैलाही त्यांचे ठाणे झाले. त्यांनी शाळा काढल्या, मराठी शिकून घेतली. धर्म बदलणारे मात्र थोडेच मिळाले. त्यांतले पहिले, डोनाल्ड मिचेल, आले त्याच वर्षी वारले.

"म्हणजे वर्षही भरलं नाही," तो म्हणाला आणि बराच वेळ होड्यांकडे पाहत राहिला.

घरी पोहोचलो तेव्हा आई पानं घेऊन थांबली होती. त्याच्या ताटात सुरमईची दुसरी तुकडी वाढताना तिने मला विचारायला लावले, की हा अजून किती दिवस आहे. मी ते इंग्रजीत सांगितलेच नाही.