सहा आठवडे अडकणारं कार्ड
आमच्या सॉफ्टवेअरची रिलीज तिसऱ्यांदा पुढे गेली तेव्हा मला टीम लीड होऊन जेमतेम वर्ष झालं होतं. दर वेळी उपाय तोच, प्लॅन अजून बारीक करा, एस्टिमेट अजून डिटेलमध्ये काढा, तरी नाही जमलं तर माणसं वाढवा. पाचचे नऊ झालो. पाच जणांत बोलायच्या जोड्या १० होतात आणि नऊ जणांत ३६, हे गणित मी नंतर मांडलं, त्रास मात्र रोजच होत होता, सकाळचा स्टँडअप, म्हणजे टीमची रोजची छोटी मीटिंग, संपायचाच नाही.

त्याच काळात कॉम्प्लेक्सिटीवर वाचायला लागलो आणि काम कुठल्या प्रकारचं आहे ते ओळखून कसं हाताळायचं हे सांगणारं डेव्ह स्नोडेन यांचं कनेव्हिन मॉडेल हाती लागलं, आयबीएममध्ये असताना १९९९ च्या सुमारास त्यांनी ते मांडायला घेतलं होतं. किचकट काम जाणकार माणूस नीट विश्लेषण करून सोडवू शकतो, आमच्यासाठी डेटाबेस नव्या व्हर्जनवर नेणं तसं होतं. पण कॉम्प्लेक्स कामात कशामुळे काय झालं ते होऊन गेल्यावरच कळतं, म्हणून आधी छोटा प्रयोग, मग निरीक्षण, मग पुढचं पाऊल. नवीन सर्च युजर कसा वापरणार हे या दुसऱ्या प्रकारातलं, आणि आम्ही त्याचे तीन आठवडे नुसते एस्टिमेटच काढत बसलेलो!

मग आम्ही दोन गोष्टी केल्या. एकतर एका वेळी सहाच कार्डं, म्हणजे बोर्डवरची सुरू असलेली कामं, उघडी ठेवायची. आधी १८ असायची आणि आठवड्याला तीन पूर्ण व्हायची, म्हणजे लिटलच्या नियमाने (सुरू असलेली कामं भागिले आठवड्याला पूर्ण होणारी) एक कार्ड सरासरी सहा आठवडे अडकणार, सहा ठेवली आणि वेग तेवढाच राहिला तर दोन आठवडे. हे पटवायला खूप बोलावं लागलं, कारण सहा भरली की नवं कार्ड न उघडता दुसऱ्याला मदत करायची म्हणजे रिकामं बसल्यासारखं वाटतं लोकांना.

दुसरं, नवीन सर्च ‘फीचर फ्लॅग’च्या, म्हणजे कोडमधल्या चालू-बंद स्विचच्या, मागे ठेवून थोड्याच युजर्सना दिला. ज्या फिल्टरवर आमचा सगळ्यात जास्त जीव होता ते कोणी वापरलेच नाहीत, दोन दिवसांत काढून टाकले, वाईट वाटलं पण चार महिन्यांनी कळण्यापेक्षा हे खूप बरं.

मॅनेजर अजूनही तारीख मागतात. डेटाबेसच्या कामाची देतो, सर्चसाठी मात्र पुढचा प्रयोग कोणता आणि त्याचा निकाल कुठल्या दिवशी बघायचा एवढंच सांगतो.