जागा माणसाला घडवते, पण कोणत्या माणसाला?

मानवी भूगोल म्हटले की बहुतेकांना लोकसंख्येची घनता, पिकांचे पट्टे आणि उद्योगांच्या स्थाननिश्चितीची कारणे आठवतात, कारण परीक्षेत तेच विचारले जाते. त्या माहितीला कमी लेखण्याचे कारण नाही. पण या विषयाच्या मुळाशी असलेला प्रश्न त्याहून मोठा आहे. माणूस जिथे राहतो ती जागा त्याचे आयुष्य कितपत ठरवते, आणि तो स्वतः त्या जागेला कितपत घडवतो? या प्रश्नाचे उत्तर सर्व माणसांसाठी एकच असू शकत नाही, हे उमगायला या शास्त्राला जवळजवळ शंभर वर्षे लागली आणि त्याच्या वाटचालीतला हाच भाग मला सर्वांत मोलाचा वाटतो.

सुरुवात झाली ती निसर्गाला झुकते माप देऊन. जर्मन भूगोलज्ञ फ्रीडरिख रात्झेल यांनी 1882 मध्ये मानवी भूगोलाची पद्धतशीर मांडणी केली आणि त्यांच्या शिष्या एलेन सेंपल यांनी तो विचार अमेरिकेत नेला. हवामान, डोंगर आणि समुद्र यांवरून माणसांचे स्वभावसुद्धा ठरतात, इथपर्यंत ही मांडणी पोहोचली. उष्ण प्रदेशांतील लोक मुळातच आळशी असतात, यासारखी विधाने त्या काळी शास्त्र म्हणून खपली आणि वसाहतवादी सत्तांच्या चांगलीच पथ्यावर पडली. फ्रान्समध्ये पॉल विदाल द ला ब्लाश यांनी वेगळी दिशा दाखवली. निसर्ग शक्यता पुढे ठेवतो आणि त्यांतून निवड माणूस करतो, असे त्यांचे म्हणणे होते. हाच पुढे संभववाद म्हणून ओळखला गेला. पाठ्यपुस्तकांत हा वाद बहुधा इथेच मिटतो. मला मात्र खरा प्रश्न इथून पुढे सुरू होतो असे वाटते, कारण निवड नेमकी कोणी केली हे संभववादाने फारसे विचारले नाही.

नेदरलँड्समधील स्कोकलँड या जागेचा इतिहास यासाठी पाहण्यासारखा आहे. झाउडरझी नावाच्या उथळ समुद्रात हे एक लांबट, सखल बेट होते. लाटा त्याचे काठ सतत खात होत्या आणि लोक मातीचे उंचवटे रचून त्यांवर घरे बांधत होते. अखेर 1859 मध्ये राजाच्या आदेशाने ते रिकामे करण्यात आले आणि रहिवासी किनाऱ्यावरच्या गावांत विखुरले. पुढे 1932 मध्ये 32 किलोमीटर लांबीचा बंधारा घालून तो समुद्र अडवण्यात आला, आणि 1942 मध्ये बेटाभोवतीचे पाणी उपसून तळाची जमीन कोरडी करण्यात आली. आज स्कोकलँड म्हणजे शेतांच्या मधोमध किंचित उंच दिसणारी एक पट्टी आहे. 1995 पासून ती जागतिक वारसा स्थळांच्या यादीत आहे. तिथे आता वस्ती जवळजवळ नाही, तरीही तिथून उठवलेल्या कुटुंबांच्या वंशजांची संघटना आजही कार्यरत आहे. पिढ्यान्‌पिढ्या ज्या जमिनीवर कोणी राहिलेले नाही तिच्याशी नाते टिकून राहते, याचा उलगडा माती आणि हवामानाच्या तक्त्यांतून होत नाही. अनुभवाने आणि आठवणींनी एखाद्या भूभागाला अर्थ येतो व तेव्हाच तो आपली जागा होतो, असे भूगोलज्ञ यी-फू तुआन यांनी 1970 च्या दशकात मांडले, ते याच संदर्भात मला पटते.

समुद्राच्या त्याच तळावर जी नवी वसाहत उभी राहिली तिची कथाही तितकीच बोलकी आहे. मधोमध एमेलोर्ड हे मुख्य गाव आणि त्याभोवती दहा खेडी, अशी ती आखण्यात आली. खेड्यांमधले अंतर सायकलीवरून सहज जाता येईल असे ठेवण्यात आले होते. पण पुढे घरोघरी मोटारी आल्या आणि ते सगळे गणित बदलले. शिवाय, तिथे जमीन कसायला कोणाला द्यायची हे सरकारने मुलाखती घेऊन आणि अर्जदारांची घरे प्रत्यक्ष पाहून ठरवले. म्हणजे निसर्गाने पुढे ठेवलेल्या शक्यता सर्वांपुढे सारख्या नव्हत्याच.

हे असमानत्व रोजच्या जगण्यात कसे पाहायचे, याची सर्वांत नेमकी रीत स्वीडनचे भूगोलज्ञ टॉर्स्टेन हेगरस्ट्रँड यांनी 1970 मध्ये दिली. माणसाचा दिवस म्हणजे स्थळ आणि काळ या दोहोंतून जाणारी एक अखंड रेषा आहे, असे त्यांनी मांडले. या रेषेवर तीन प्रकारची बंधने येतात: झोप, भूक आणि वाहनाचा वेग यांची, ठरलेल्या वेळी ठरलेल्या ठिकाणी इतरांशी गाठ पडण्याची, आणि नियम किंवा मालकी यांमुळे बंद राहणाऱ्या दारांची. पाळणाघर आठला उघडते, कामावर साडेआठला हजर व्हायचे आहे, आणि बसने जायला पाऊण तास लागतो, अशी एक आई डोळ्यांसमोर आणून पाहा. नकाशावर ती नोकरी जवळ आहे, त्या आईच्या दिवसात मात्र ती बसत नाही. शेजारच्या घरातील मोटार असलेल्या माणसासाठी तेच शहर कितीतरी मोठे असते. दोघांचा पत्ता एकाच गल्लीतला आहे.

ब्रिटिश भूगोलज्ञ डोरीन मॅसी यांनी 1990 च्या सुमारास हाच धागा सत्तेपर्यंत नेला. कोण मनाजोगे फिरू शकते, कोणाला नाइलाजाने स्थलांतर करावे लागते आणि कोण जागच्या जागी अडकून पडते, हे योगायोगाने घडत नाही. काहींच्या सहज फिरण्यातून इतरांची अडचण निर्माण होते. मोटारवाले वाढले की बसचे प्रवासी घटतात, मग फेऱ्या कमी होतात आणि ज्यांच्याकडे दुसरे साधन नाही त्यांचा वावर आणखी आक्रसतो.

आज मोबाईलमधून माणसांच्या हालचालींची प्रचंड माहिती गोळा होते आणि तिच्या आधारे रस्ते, दवाखाने, बाजार कुठे असावेत हे ठरवले जाते. अशा नोंदींत लोक कुठे गेले ते दिसते. त्या आईने जिचा विचारच सोडून दिला ती नोकरी त्यांत उमटत नाही. म्हणूनच घरोघरी जाऊन, समोर बसून, कालचा दिवस कसा गेला आणि कुठे जाणे राहून गेले हे विचारण्याची जुनी पद्धत मानवी भूगोलाने सोडू नये असे मला मनापासून वाटते, मग त्यासाठी कितीही वेळ लागो.