सॅक्सनीतल्या घरांचा डिसेंबर: कागदी तारा, हिरवं कडं आणि खिडकीतली कमान

डिसेंबरच्या मध्यावर ड्रेस्डेनला चारच्या आत सूर्य मावळतो. अंधार पडला की पूर्व जर्मनीतल्या या सॅक्सनी राज्यात घराघरांच्या खिडक्या उजळतात, आणि त्यांचा उजेड रस्त्याकडे तोंड करून असतो. सजावट घरातल्यांपेक्षा बाहेरून जाणाऱ्यासाठी. तिथल्या घराची मांडणी समजून घ्यायची तर हे आधी लक्षात ठेवायला हवं, कारण वस्तू कुठे ठेवायची, किती ठेवायच्या आणि कधी लावायच्या, हे सगळं त्यावरूनच ठरतं.

कधी, याला नियम आहे. नाताळच्या आधीचे चार रविवार म्हणजे अ‍ॅडव्हेंट. त्यातला पहिला रविवार २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबरच्या दरम्यान येतो. त्याच्या आदल्या रविवारी, टोटनझोनटागला, लोक आपल्या गेलेल्या माणसांच्या कबरींवर जातात. तो दिवस होईपर्यंत दिवे लावायचे नाहीत, ही जुन्या घरांची रीत. दुकानं सप्टेंबरपासून नाताळचा माल मांडतात, पण शेजारीपाजारी अजूनही रविवार पाळतात. नव्याने राहायला आलेल्या मराठी कुटुंबांनी दिवाळीच्या माळा काढून लगेच तारा टांगायची घाई करू नये. मध्ये थोडे दिवस खिडकी रिकामी राहिली तर बिघडत नाही.

पंचवीस टोकांचा तारा

हेर्नहूट हे पोलंड-चेकियाच्या सीमेजवळचं छोटं गाव, मोरावियन या ख्रिस्ती पंथाच्या लोकांनी वसवलेलं. २०२४ साली नवी दिल्लीत भरलेल्या जागतिक वारसा समितीच्या बैठकीत हे गाव युनेस्कोच्या यादीत गेलं, म्हणजे त्याच्या नावावर शिक्कामोर्तब आपल्याकडे झालं. या पंथाच्या शाळांमध्ये एकोणिसाव्या शतकात मुलांना भूमिती शिकवताना असे कागदी तारे करून घेत. पुढे त्याचा व्यवसाय झाला आणि आज तो तारा जर्मनीभर टांगला जातो.

आपल्या आकाशकंदिलाला कामट्यांचा सांगाडा असतो आणि त्यावर कागद चढतो. या ताऱ्याला सांगाडाच नाही. टोकंच एकमेकांना धरून उभी राहतात, म्हणून जोडणीचा क्रम चुकला की तारा वाकडा होतो. एकूण २५ टोकं: १७ चौकोनी बुडाची, ८ त्रिकोणी बुडाची. सव्विसावी जागा वर मोकळी असते, तिथून दिवा आत जातो. घरातल्या कागदी ताऱ्याचं नेहमीचं माप ६० सेंटिमीटर. उघड्यावर टांगायचा असेल तर प्लास्टिकचाच घ्यावा, कारण कागदी तारा ओल सहन करत नाही.

जोडायला सवड काढा. टेबल मोठं हवं आणि हात कोरडे हवेत, कारण तेलाचं बोट कागदावर पडलं की दिवा लागल्यावर डाग ठळक दिसतो. आधी टोकांचे दोन ढीग करा, चौकोनी वेगळी आणि त्रिकोणी वेगळी. प्रत्येक टोकाच्या बुडाशी छिद्रांच्या पट्ट्या असतात. दोन टोकांच्या पट्ट्या जुळवून दोन पायांची पितळी पिन घालायची आणि पाय उघडायचे. पट्ट्या आधी घडीवर नीट मोडून घ्या. न मोडता पिन घातली तर छिद्र फाटतं.

पहिल्यांदा मधला पट्टा: आठ चौकोनी टोकं गोलात. मग त्याच्या खालच्या बाजूला एकाआड एक चौकोनी आणि त्रिकोणी, चार अधिक चार. त्यांच्या मध्ये तळाला एक चौकोनी टोक बसतं. ते फक्त चार चौकोनी टोकांना जोडलं जातं, त्रिकोणी टोकं त्याला कोपऱ्यात नुसती टेकतात. आता तारा उलटा करून वरची बाजू तशीच करायची, चार चौकोनी आणि चार त्रिकोणी, आणि माथा मोकळा सोडायचा. टोकांमधले जोड होतात ४४. प्रत्येक त्रिकोणी टोकाचे तीनही शेजारी चौकोनीच असायला हवेत. दोन त्रिकोणी शेजारी आले तर तिथेच थांबून मागे जा.

सगळ्यात जास्त चूक होते ती पिना सुरुवातीलाच घट्ट करण्यात. आकार बंद होत येतो तसा प्रत्येक जोड थोडा सरकतो. सुरुवातीचे जोड आवळलेले असले की शेवटचं टोक बसत नाही, लोक ते दाबतात आणि बुडाशी सुरकुती पडते. ती सुरकुती पुढे कधीच जात नाही, दिवा लावला की काळी रेघ दिसते. म्हणून पाय अर्धवट उघडून ठेवा आणि सगळा तारा बंद झाल्यावर माथ्यातून हात घालून एकेक घट्ट करा. हात मोठा असेल तर हे काम घरातल्या मुलांना द्यावं, त्यांना जमतं आणि आवडतंही.

दिवा उबदार पिवळ्या उजेडाचा, २७०० केल्विनच्या आसपासचा एलईडी घ्या. पांढऱ्या थंड उजेडात पिवळा कागद हिरवट दिसतो. होल्डरवर लिहिलेल्या वॅटपेक्षा जास्तीचा तारेचा बल्ब कागदी ताऱ्यात कधीही घालू नये. ताऱ्याच्या पोटातली उष्णता बाहेर जायला फारशी वाट नसते आणि वरची टोकं आधी करपतात. टांगताना बल्ब मधोमध लोंबतो ना हे पाहा, कागदाला टेकता कामा नये.

रंगाबद्दल माझं मत स्पष्ट आहे: एका घरात एकच तारा आणि एकाच रंगाचा. पांढरा किंवा पिवळा खिडकीत खुलतो, लाल जेवणाच्या टेबलावर. दोन-तीन रंग एकत्र आले की घर दुकानासारखं वाटायला लागतं.

चार मेणबत्त्यांचं कडं

अ‍ॅडव्हेंटचं हिरवं कडं सॅक्सनीचं नव्हे, हॅम्बुर्गचं. योहान हिनरिश विखर्न या धर्मोपदेशकाने १८३९ मध्ये आपल्या अनाथाश्रमातल्या मुलांसाठी गाडीच्या चाकावर मेणबत्त्या बसवल्या: रविवारच्या चार मोठ्या पांढऱ्या आणि बाकीच्या दिवसांच्या लहान लाल. नाताळ किती दिवसांवर आला हे मुलांना मोजता यावं, एवढाच हेतू. घरगुती कड्यात फक्त चार मोठ्या उरल्या. पहिल्या रविवारी एक, दुसऱ्या रविवारी दोन, अशा त्या वाढत जातात.

घरी करायचं तर ३० सेंटिमीटर व्यासाचं गवताचं कडं, ०.६५ मिलिमीटरची हिरवी तार, ७ सेंटिमीटर जाडीच्या चार मेणबत्त्या आणि त्यांचे खिळ्याचे धारक एवढं लागतं. फांद्या नोर्डमान किंवा नोबिलिस जातीच्या फर या सूचिपर्णी झाडाच्या घ्या, त्या महिनाभर टिकतात. स्वस्तातला स्प्रूस उबदार खोलीत आठवड्याभरात सुया गाळतो आणि तिसऱ्या रविवारी कडं बोडकं होतं.

फांद्यांचे ८ ते १२ सेंटिमीटरचे तुकडे करा. तीन-चार तुकड्यांची जुडी कड्यावर ठेवून देठाशी तारेचे दोन-तीन वेढे घट्ट द्या. पुढची जुडी आधीच्या देठांवर येईल अशी ठेवा, म्हणजे तार झाकली जाते. प्रत्येक फेरीत एक जुडी बाहेरच्या काठाला, एक वर, एक आतल्या काठाला. आतल्या जुड्या आखूड हव्यात, नाहीतर मधलं भोक बुजतं. खालची बाजू मोकळीच ठेवायची, कडं सपाट बसलं पाहिजे. तार मध्ये तोडायची नाही, एकसलग चालवायची. फेरी पूर्ण झाली की पहिल्या जुडीची पानं उचलून शेवटचे देठ त्यांच्याखाली सारा. हाताला लागलेला चीक साबणाने निघत नाही, खायचं तेल चोळलं की निघतो.

धारकाचा खिळा लायटरवर तापवून मेणबत्तीच्या बुडात घाला. गार खिळा दाबला की मेणबत्ती उभी तडकते आणि तो तडा मग वितळलेलं मेण कड्यावर सोडतो. मेणबत्ती पेटवली की वरचं सगळं मेण कडेपर्यंत वितळेस्तोवर जळू द्यावी. दहा मिनिटांत विझवली तर मधोमध खड्डा पडतो आणि पुढच्या वेळी वात त्यातच बुडते. वात सेंटिमीटरभर ठेवून बाकीची कापा, लांब वात काजळी धरते.

आगीचा धोका शेवटच्या आठवड्यात असतो. पहिली मेणबत्ती तोवर सगळ्यात बुटकी झालेली असते आणि फांद्या सगळ्यात कोरड्या. ज्योत हिरवळीपासून दोन बोटांवर आली की मेणबत्ती बदला. सुया बोटांत चोळून पाहा: तुटून भुगा झाला तर त्या कड्यावर काहीही पेटवू नका. कडं रात्री गार बाल्कनीत ठेवलं आणि रोज पाणी फवारलं तर हिरवं राहतं. खाली चिनी मातीची थाळी हवी, हीटर जवळ नको, आणि खोलीतून उठताना आधी फुंकर.

खिडकीतली कमान

सॅक्सनीच्या दक्षिणेला एर्त्सगबिर्गं हा खाणींचा डोंगराळ मुलूख. हिवाळ्यात तिथला खाणकामगार उजाडण्याआधी खाली उतरायचा आणि अंधार पडल्यावर वर यायचा. उजेडाची ओढ तिथल्या प्रत्येक वस्तूत आहे. श्विबोगन म्हणजे वरच्या काठावर मेणबत्त्या लावलेली अर्धवर्तुळाकार कमान. योहानगेऑर्गनश्टाटच्या लोहारांनी त्या लोखंडात घडवल्या, आता बहुतेक लाकडी असतात. सगळ्यात जास्त दिसणारं चित्र पाउला योर्डान यांनी १९३७ मध्ये श्वार्त्सेनबेर्गच्या कमानीसाठी काढलं: दोन खाणकामगार, लाकूड कोरणारा आणि लेस विणणारी बाई. खाणी ओसरल्यावर लोकांनी ज्या धंद्यांवर पोट भरलं, तेच त्यात आहेत.

आज त्यावर विजेचे छोटे बल्ब असतात आणि अडचणीही तिथेच येतात. सात बल्बांच्या जुन्या कमानीत सगळे बल्ब एकामागोमाग एका साखळीत जोडलेले असतात आणि २३० व्होल्ट त्यांच्यात वाटले जातात. म्हणून प्रत्येक बल्ब ३४ व्होल्ट, ३ वॅटचा लागतो. दहा बल्बांच्या कमानीला २३ व्होल्टचा. दिसायला दोन्ही सारखे, पेच सारखा. चुकून ३४ चा बल्ब दहाच्या कमानीत बसवला तर तो काही वेळ झगझगीत पेटून जातो. एक बल्ब गेला किंवा सैल झाला की सगळी कमान विझते. आधी प्लग काढा, सगळे बल्ब आवळा. तरीही पेटली नाही तर एक नवा बल्ब घेऊन पहिल्या जागेपासून एकेक बदलत जा. प्रत्येक वेळी प्लग काढूनच. एलईडी हवे असतील तर सातही एकदम बदला. एकच एलईडी घातला तर त्यातून इतकी कमी वीज वाहते की बाकीचे पेटतच नाहीत.

जर्मन घरांत हीटर खिडकीच्या खालीच असतो. लाकडी कमान वरच्या गरम कोरड्या हवेत महिनाभर राहिली की सांधे उघडतात. हीटर मंद ठेवा किंवा कमान काठापासून मागे, काचेकडे सरकवा.

झायफेन गावचे धूर सोडणारे लाकडी बाहुले आणि मेणबत्तीच्या उष्णतेवर फिरणारा मनोरा याच मुलखातले. बाहुल्याच्या तोंडातून धूर येत नसेल तर खालची हवेची भोकं राखेने बुजलेली असतात. मनोरा फिरत नसेल तर टेबल समतल आहे का आणि खिडकीतून वारा येतो का हे पाहा, मग पाती साधारण ४५ अंशांवर वळवा.

४ डिसेंबरला खाणकामगारांची संरक्षक संत बार्बरा हिचा दिवस असतो. त्या दिवशी चेरीच्या फांद्या तोडून घरात आणतात आणि नाताळपर्यंत त्या फुलतात. या सजावटीला पैसे पडत नाहीत आणि मला ती सगळ्यात देखणी वाटते. फांदीला आधी थंडीचा कडाका मिळालेला हवा, नाहीतर कळ्या उघडत नाहीत. तोवर थंडी पडली नसेल तर फांद्या एक रात्र फ्रीजरमध्ये ठेवतात. मग रात्रभर कोमट पाण्यात बुडवून, देठ तिरके कापून फुलदाणीत लावायच्या आणि तीन दिवसांनी पाणी बदलायचं. पहिला आठवडा गार खोलीत, नंतर उबेला. थेट हीटरजवळ ठेवल्या तर कळ्या वाळून गळतात.

पुण्या-मुंबईत करायचं असेल तर

फर मिळणार नाही. नर्सरीतल्या मोरपंखीच्या फांद्या याच पद्धतीने बांधता येतात, आणि गवताच्या कड्याऐवजी भाताचा पेंढा पिळून सुतळीने गोल बांधला तरी चालतो. मोरपंखीला सुया नसल्याने जुड्या जास्त दाट लागतात. तिथून कुणी काही आणणार असेल तर कागदी तारा मागवा: सुटी टोकं एकमेकांत बसतात, खोका छोटा होतो आणि वीज आपल्यासारखीच २३० व्होल्टची. लाकडी कमान कोकणातल्या दमट हवेत फुगते, तिची हौस देशावरच्यांनी करावी.

एर्त्सगबिर्गंमध्ये दिवे २ फेब्रुवारीपर्यंत राहतात, इतरत्र ६ जानेवारीला उतरतात. तारा मोडून ठेवायचा तर पिना सरळ करून वेगळ्या डबीत घाला. वाकलेल्या पिनेचे पाय दुसऱ्या वर्षी तुटतात, म्हणून थोड्या जास्तीच्या त्याच डबीत असू द्या. कमानीचा जादा बल्ब तिच्या खोक्यातच चिकटपट्टीने लावून वर व्होल्ट लिहून ठेवा.