थंड गाडीचा गचका थंड गाडीतच कळला

माझी गाडी सहा गिअरची ऑटोमॅटिक, टॉर्क कन्व्हर्टरवाली, म्हणजे इंजिनची ताकद ऑइलच्या जोरावर गिअरबॉक्सकडं जाते. जुनीच घेतली होती, तेव्हा ८० हजार किलोमीटर झालेले. कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत सकाळची पाळी असते, म्हणून रंकाळ्याजवळच्या घरातून सव्वासहाला निघतो. डिसेंबरात गारठा वाढला आणि गाडी त्रास द्यायला लागली. लिव्हर डी वर, म्हणजे पुढं जायच्या जागी टाकला की दोन सेकंद काहीच नाही, मग मागून कुणी ढकलल्यासारखा गचका. पहिल्यावरून दुसरा पडताना तसाच. एकदा गंगावेशीत, दूध कट्ट्यापाशी, अगदी हळू पुढं सरकताना गाडीनं अशी उडी घेतली की पुढची म्हैस हातभरावर राहिली. त्या दिवशी पोटात गोळा आला. म्हशीच्या दाव्याला धरून एक पोरगं उभं होतं.

गंमत अशी की ताराराणी चौक येईपर्यंत सगळं गायब. तिथून हायवेवर गाडी लोण्यासारखी. त्यामुळं जिथं दाखवायला न्यावी तिथं ती गुणी बाळ! एका मोठ्या सर्व्हिस सेंटरमध्ये चक्कर मारून "सगळं ओके आहे" म्हणाले. दुसऱ्यांदा गेलो तर थेट गिअरबॉक्स बदलायचं कोटेशन, १ लाख ४० हजार. ऑइलचा डाग तरी बघितलात का, असं विचारलं, त्याला उत्तर मिळालं नाही.

शेवटी मित्रानं उद्यमनगरातल्या एका मिस्त्रींकडं पाठवलं. वय साठीचं, सगळे त्यांना मामाच म्हणतात. माझं ऐकून घेतलं आणि बॉनेटही न उघडता म्हणाले, "गरम गाडी काय सांगणार ओ? रात्री हितंच ठेवा. सकाळी तुम्ही बी या. तोवर किल्ली लावायची न्हाई."

हे एवढं साधं मला तीन आठवडे सुचलं नव्हतं.

सकाळी साडेसहाला मी पोचलो तर मामा मफलर गुंडाळून गाडीतले आकडे दाखवणारा स्कॅनर जोडून बसलेले. गिअर ऑइलचं तापमान १६ अंश. ब्रेक दाबून डी टाकला, गचका आलाच. मग गाडी रॅम्पवर घेतली. गिअर ऑइल गार करणाऱ्या कूलरकडं जाणाऱ्या पाइपच्या जोडावर लालसर ओल, तिला धूळ चिकटून काळा चिखल झालेला. मामांनी बोट फिरवून मला दाखवलं.

त्यांनी समजावलं ते असं. गार ऑइल दाट असतं, म्हणून थंडीत थोडा जडपणा येतोच. पण माझ्या गाडीत पाझरून पातळीच कमी झाली होती. ऑइल गरम झालं की फुगतं, गार झालं की आक्रसतं, म्हणून रात्रीनंतर पातळी आणखी खाली. मग पंप ऑइलबरोबर हवाही ओढतो, दाब उशिरा तयार होतो, आतले क्लच उशिरा पकडतात आणि पकडतात तेव्हा एकदम. गरम झाल्यावर तेच ऑइल जेमतेम पुरतं.

जोडाचं सील बदललं, गिअरबॉक्सखालचं ऑइलचं चेंबर उघडलं, फिल्टर नवा घातला. चेंबरात धातूचा कीस धरून ठेवणारं चुंबक असतं, त्याला करडा लेप लागला होता. तो बोटांत चोळून मामा म्हणाले, "बारीक हाय, तुकडं न्हाईत. गिअरबॉक्स शाबूत हाय." तेव्हा कुठं मला श्वास आला. ऑइल मात्र मॅन्युअलमध्ये लिहिलेल्या ग्रेडचंच घ्यायला लावलं, "लाल दिसतं म्हणून कुठलंबी चालत न्हाई."

पातळी तपासणं हा खरा कसबाचा भाग. या गाडीला गिअर ऑइल मोजायची पट्टी, म्हणजे डिपस्टिक नाही. गाडी अगदी सपाट, इंजिन चालू, लिव्हर प्रत्येक जागी थोडा थोडा थांबवून परत पार्कवर. स्कॅनरवर ऑइल ४० अंशांच्या आसपास आलं की खालचा प्लग उघडायचा. आधी धार येते, मग धार तुटून थेंब पडायला लागतात, त्या क्षणी बंद. तापमान फार वाढलं तर पातळी चुकते. मामा स्कॅनरवरून नजर हलवत नव्हते, प्लगवर हात त्यांच्या हाताखालच्या पोरग्याचा.

एका खेपेला सगळं जुनं ऑइल निघत नाही, बरंचसं टॉर्क कन्व्हर्टरमध्ये राहतं. म्हणून १००० किलोमीटरनंतर पुन्हा काढून भरलं. दोन्ही खेपांचा मिळून खर्च साडेबारा हजार.

आता सकाळी पहिली दोनेक मिनिटं इंजिन जरा चढ्या आरपीएमवर असतं आणि गिअर उशिरा पडतात. ते थंड इंजिनचं नेहमीचंच, मामांनी आधीच सांगितलं होतं. उभ्या गाडीत दहा मिनिटं इंजिन तापवत बसायचं नाही, अर्ध्या मिनिटात निघायचं आणि पाय हलका ठेवायचा; गिअरबॉक्स चालतानाच लवकर गरम होतो. रंकाळ्याच्या कडेनं मी तशीच सावकाश नेतो. गंगावेशीत म्हशी उभ्या असतात, डी वर गाडी पावलापावलानं सरकते, आणि माझा पाय आता ब्रेकवर ताठ नसतो.