परवा म्हणजे नक्की कधी?

सकाळी साडेआठला जपानहून मेल आला, तेव्हा तिकडे दुपारचे बारा वाजले होते. म्हणजे लिहिणाऱ्याने जेवायला जायच्या आधी हातावेगळा केलेला मेल. चाकणच्या एका कारखान्यात मी दुभाषी आहे. तिथून येणारं सगळं आधी माझ्याकडे येतं आणि नऊच्या मिटिंगमध्ये मी ते मराठीत सांगते.

विषय होता एका छोट्या पिनेचा. आमच्या लाइनवर ती घट्ट बसत होती. रिपोर्टात वर लिहिलं होतं, डाय, म्हणजे पिना घडवायचा साचा, दोन महिने दुरुस्तीला होती, तोवर पिनांचं काम बाहेरून करून घेतलं. मग मापांचं मोठं कोष्टक. त्याखाली एकटंच एक वाक्य, त्याची सुरुवात दोन शब्दांची: 'कोनो' आणि पुढे एक कांजी, म्हणजे चिनी लिपीतून जपानीत आलेलं चिन्ह. दाराच्या दोन फळ्या आणि मधल्या फटीत सूर्य, असं ते चिन्ह दिसतं. अर्थ मधली जागा, मधला वेळ. त्याचा उच्चार कधी आइदा, कधी कान, कधी मा.

मी वाचलं, 'कोनो आइदा'. म्हणजे परवा, हल्लीच. आणि मिटिंगमध्ये सांगून टाकलं, "परवा त्यांनी तपासणी सगळ्या पिनांची न करता सॅम्पलिंगने केली."

जपानीतला भूतकाळ मराठी माणसाला तसा सोपा जातो, असं मी शिकवणीतल्या पोरांना नेहमी सांगते. 'साक्की' इंग्रजीत समजावताना चार शब्द खर्ची पडतात. आपल्याकडे 'मघाशी' तयार आहे. 'मुकाशी' म्हणजे पूर्वी, फार पूर्वी, आणि तिथल्या गोष्टी 'मुकाशी मुकाशी' म्हणून सुरू होतात, जसं आपलं आटपाट नगर. दहा वर्षं झाली की एक मुकाशी झाली, असंही ते म्हणतात. आपलं तप बाराचं, त्यांचं दोन वर्षं आधीच भरतं. आणि 'कोनो आइदा' तर थेट आपला सैलसर परवा. "परवा भेटला होता" म्हणतो तेव्हा दिवस कोण मोजतं?

तर माझ्या त्या परवाच्या भरवशावर स्टोअरवाल्यांनी शेवटच्या कन्साइनमेंटची सहा खोकी बाजूला काढली, त्यांवर लाल टॅग लावले. बाकीचा माल लाइनला सुरूच.

साडेअकराला व्हिडिओ कॉल झाला. तिकडचे वयस्क इंजिनियर, खालच्या आवाजात बोलणारे, रिपोर्ट ओळीने वाचत होते. कोष्टक संपलं आणि ते म्हणाले, "कोनो कान..."

माझं पेन थांबलं. कान! 'कोनो कान' म्हणजे 'या मधल्या काळात'. चिन्हं तीच, अक्षर न अक्षर तेच, फक्त उच्चार वेगळा. परवा नव्हे, डाय दुरुस्तीला होती ते अख्खे दोन महिने ते सॅम्पलिंगवर होते.

आणि खुणा समोर होत्या हो. एक तर वाक्याच्या शेवटी 'केली' नव्हतं, 'करत होतो' होतं. दुसरं म्हणजे ऑफिसच्या रिपोर्टात 'कोनो आइदा' सहसा कोणी लिहीत नाही, ते बोलण्यातलं. कागदावर 'सेन्जित्सु' येतं. 'साक्की'चंसुद्धा ऑफिसात 'साकिहोदो' होतं. हे मी स्वतः फळ्यावर दोन रकाने आखून शिकवते.

मी माइक बंद केला आणि क्वालिटीच्या साहेबांना सांगितलं, "सर, सकाळी मी चुकीचं सांगितलं. सहा खोकी नाहीत. दोन महिन्यांचा सगळा माल धरायला हवा."

ते दोन सेकंद गप्प. मग म्हणाले, "म्हणजे तुमचा परवा दोन महिन्यांचा?" आणि लगेच फोन उचलून त्यांनी लाइन थांबवली. ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

मी माइक चालू करून तिकडे चूक कबूल केली. 'मोशिवाके गोझाइमासेन' म्हटलं, वर्तमानकाळात. याच माफीला पुढे 'देशिता' जोडलं की ती भूतकाळात जाते, झालं गेलं ते मागे पडलं असा सूर लागतो. माझं अजून काहीच मागे पडलं नव्हतं.

एकूण एक्केचाळीस खोकी निघाली. सुपरवायझर म्हणाले, "मॅडम, तुम्ही जा घरी, पोरं बघतील." मी गेले नाही. गो गेज कसा धरायचा ते एका ट्रेनी मुलीने मला दाखवलं: पीन भोकात अलगद सोडायची, दाबायची नाही, स्वतःच्या वजनाने गेली तर बरी. पहिल्या तासात माझ्या हातून दोनशेसुद्धा झाल्या नाहीत. तिच्या सातशे. बोलता बोलता तिने विचारलं, "जपानीत परवाला काय म्हणतात?" मी म्हटलं, "गेलेला की येणारा?" त्यांच्याकडे दोन्हींना वेगळे शब्द आहेत, ओतोतोइ आणि आसात्ते. आपण एकाच परवावर भागवतो आणि क्रियापदाकडे बघून समजून घेतो. ती हसली. मला हसू आलं नाही, कारण क्रियापदाकडेच तर मी बघितलं नव्हतं.

रात्री पावणेदहाला शेवटचं खोकं झालं. नापास पिना सगळ्या बाहेरून करून घेतलेल्या लॉटमधल्याच होत्या, आणि त्या सहा खोक्यांत एकही नव्हती. आकडे भरून मेल लिहिला, तिकडे तेव्हा मध्यरात्र उलटून गेली होती. शेवटच्या ओळीत पुन्हा तीच माफी टंकली, आणि थोडं थांबून पुढे 'देशिता' जोडलं.