तुम्ही विचारलंत म्हणून: गोळ्या बंद कधी होणार?

किडनी बसवली, क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारी रक्ततपासणी) ठीक आहे, मग अजून गोळ्या कशाला? ठाण्यात तलावपाळीला फेरी मारताना हे कुणी ना कुणी विचारतंच. जोडीला सल्ला: "प्रतिकारशक्ती मारणारी औषधं ती, हळूहळू सोडा."

मारत वगैरे नाहीत हो. किडनी माझ्या ताईची, पण माझ्या टी-पेशींच्या, म्हणजे शरीराच्या पहारेकरी पेशींच्या, लेखी परकीच. परकं दिसलं की टी-पेशीत कॅल्शियम वाढतं आणि कॅल्सिन्युरिन हे एन्झाइम कामाला लागतं. ते एनफॅट नावाच्या प्रथिनावरचे फॉस्फेट काढतं. एनफॅट मग केंद्रकात शिरून इंटरल्युकिन-२ हे निरोप देणारं प्रथिन बनवायला लावतं. 'वाढा' असा हा हुकूम. माझं टॅक्रोलिमस हे औषध कॅल्सिन्युरिनलाच अडवतं, त्यामुळे हुकूम फारसा निघत नाही.

थोडा निसटतोच, त्यासाठी दुसरी गोळी, मायकोफेनोलेट. पेशी दुप्पट व्हायची तर डीएनएला ग्वानिन हवं. ते नव्याने बनवायला लागणारं आयएमपीडीएच हे एन्झाइम ही गोळी रोखते. नळाला पाणी आलं नाही तरी टाकीवाल्यांचं भागतं, तसं इतर बऱ्याच पेशी जुन्या मालावर भागवतात. लिम्फोसाइट (टी-पेशी त्यांतल्याच) बिचाऱ्या बिनटाकीच्या. काहींना सिरोलिमस देतात. ईस्टर बेटाच्या मातीतल्या जिवाणूतून सुरेन सेहगल यांच्या गटाने १९७०च्या दशकात वेगळं काढलेलं औषध. त्यात हुकूम पोचतो, पण एमटॉर हे एन्झाइम अडल्यामुळे पेशी हलत नाही.

आता तुमचं उत्तर: बंद नाहीच. एन्झाइम अडवलेलं असतं, संपलेलं नसतं. रक्तातलं औषध उतरलं की ते मोकळं. म्हणून बारा-बारा तासांचं घड्याळ, आणि म्हणून तपासणीच्या दिवशी सकाळची गोळी खिशात ठेवून लॅबमध्ये जायचं, कारण पुढच्या गोळीआधी पातळी कितीवर उतरते ते मोजायचं असतं. जांभळ्या टोपणाची ट्यूब रक्ताने भरली की तिथेच बाटलीतल्या पाण्याबरोबर गिळायची. टॅक्रोलिमसने हात थरथरतात, कपातला चहा बशीत सांडतो. डायलिसिसच्या खुर्चीपुढे हे काहीच नाही.

अजून एक. गणपतीत जांभळी नाक्यावर पपनसं येतात, ती मला वर्ज्य. आतड्यात टॅक्रोलिमस मोडणाऱ्या सीवायपी३ए४ या एन्झाइमला पपनसातली द्रव्यंच बंद पाडतात. औषधाची पातळी चढते आणि मार बसतो तो किडनीलाच. तेव्हा फळ बाप्पापुढे खुशाल ठेवा, फोडी वाटताना मला वगळा. आग्रह मात्र नको.