फाइलमधली पाचवी चौकट

बाह्यरुग्ण विभागातील गर्दी ओसरत आली असताना ७२ वर्षांच्या एक आजी चाकांच्या खुर्चीतून आत आल्या. कपाटाचा खालचा खण ओढताना पाठीत कळ आली, एवढेच निमित्त होते; पडणे नाही, धडपडणे नाही. क्ष-किरण चित्रात मात्र छातीच्या भागातला बारावा आणि कमरेचे पहिला व तिसरा, असे तीन मणके दबलेले होते. एका वेळी तीन, हे पाहून मी थबकलो, कारण आजी माझ्याच रुग्ण होत्या आणि त्यांच्यावर हाडांच्या ठिसूळपणाचे उपचार चालू आहेत, अशी माझी समजूत होती.

त्यांनी प्लॅस्टिकच्या पिशवीतून फाइल काढली. प्रत्येक इंजेक्शनच्या वेळी सिरिंजवरचा छोटा स्टिकर तारखेसह चौकटीत चिकटवण्याची त्यांची पद्धत होती. चार स्टिकर ओळीने होते. पाचव्या चौकटीत पेन्सिलीने एकच शब्द लिहिला होता : ‘दात’. शेवटच्या स्टिकरवरची तारीख अकरा महिन्यांपूर्वीची होती.

हाडांची घनता मोजणाऱ्या डेक्सा तपासणीत टी-स्कोअर (निरोगी तरुण हाडांशी तुलना करणारा आकडा; उणे २.५ किंवा त्याखाली म्हणजे ठिसूळपणा) उणे ३.१ आला, तेव्हा मी प्रथम अलेंड्रोनेटची आठवड्याची ७० मिलिग्रॅमची गोळी दिली होती. उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर घेऊन अर्धा तास आडवे न होण्याचे पथ्य पाळूनही छातीतली जळजळ थांबेना. वर्षातून एकदा शिरेतून देतात ते झोलेड्रोनिक आम्ल मूत्रपिंडाचे क्रिएटिनिन क्लिअरन्स, म्हणजे रक्त गाळण्याची क्षमता, मिनिटाला ३५ मिलिलिटरच्या खाली असल्याने देता येत नव्हते. म्हणून डेनोसुमॅब : दर सहा महिन्यांनी त्वचेखाली ६० मिलिग्रॅम.

हाड झिजवणाऱ्या पेशी तयार होण्यासाठी लागणारा संदेश हे औषध अडवते. अलेंड्रोनेट हाडात वर्षानुवर्षे साठून राहते, हे मात्र साठत नाही. मुदत उलटली की दबून राहिलेल्या पेशी पूर्वीपेक्षा जास्त जोराने कामाला लागतात आणि कमावलेली घनता झपाट्याने जाते. अशा वेळी एकदम अनेक मणके मोडू शकतात, हे मला ठाऊक होते. आजींना ठाऊक नव्हते.

“तुम्हीच लिहिलं होतं ना, डॉक्टर, दात काढायच्या आधी इंजेक्शनचं सांगायचं म्हणून? मी सांगितलं. ते म्हणाले, मग सध्या इंजेक्शन नको.”

फाइलच्या पहिल्या पानावर माझ्याच अक्षरात जबड्याच्या हाडाला होऊ शकणाऱ्या इजेची सूचना होती, आणि तिला लाल रेघही मारलेली होती. ठिसूळपणासाठीच्या मात्रेत ही इजा अगदी विरळा होते. शेवटच्या इंजेक्शननंतर तीन-चार महिन्यांनी दात काढला, तर जखम भरून पुढचे इंजेक्शन ठरल्या वेळी देता येते. पण यातले काहीच मी लिहिले नव्हते. दंतवैद्यांनी आपल्या परीने सावधगिरी बाळगली, आजींनी सांगितलेले तंतोतंत पाळले, आणि चुकलेल्या तारखेची चौकशी आमच्याकडून कोणीही केली नाही. मी आजींना हे सर्व सांगितले. सांगताना ‘गैरसमज झाला’ हा सोयीचा शब्द दोनदा ओठांवर आला, तो मी गिळला.

कॅल्शियम व ड जीवनसत्त्वाची पातळी तपासून घेतली, कारण मूत्रपिंड दुबळे असताना या इंजेक्शननंतर रक्तातले कॅल्शियम धोकादायक रीतीने घसरू शकते. दोन्ही योग्य असल्याचे पाहून डेनोसुमॅब पुन्हा सुरू केले.

“आता हे बंद कधी करायचं?” त्यांनी विचारले.

“मूत्रपिंड सुधारलं तर झोलेड्रोनिक देऊन करता येईल. तोवर आपल्या मनाने नाही, कोणी सांगितलं म्हणूनही नाही. आधी मला फोन करायचा.”

आजींनी खोडरबर मागितले, ‘दात’ पुसला आणि त्या जागी स्टिकर चिकटवला. सहाव्या चौकटीतली तारीख त्यांनी माझ्याकडून लिहून घेतली, आणि तीच माझ्याही डायरीत लिहायला लावली.